मालगाडी कोंडवाड्यात

मालगाडी फाटकात आडवी उभी होती आणि मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढत होते.

"खोळंबली का नेमकी आजच?" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माझ्यासमोर बसलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे, धोतराचा सोगा झटकत म्हणाले.

"आजच काऊन म्हन्ता, मामाजी? रोजच त असते उभी," मी म्हटलं आणि हसू दिसू नये म्हणून पदर तोंडावर ओढला.

हसू येण्याचं कारण असं. आमचं हिवरखुटी रुळाच्या अलीकडे आणि शाळा, दवाखाना, हमरस्ता सगळं पलीकडे. त्या शाळेत तालुक्याचे तहसीलदार घड्याळ समोर ठेवून बसले होते. बारा वाजता तिथं ग्रामपंचायतीची खास सभा भरायची होती आणि त्या सभेत मला सरपंचपदावरून खाली ओढायचं होतं. तहसीलदारांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, की बारापर्यंत सदस्य आले नाहीत तर ठराव बारगळला असं लिहीन आणि जीपमध्ये बसेन. आणि सगळे सदस्य तर इथं, अलीकडे, या एका ट्रॉलीत. गावात ट्रॅक्टर तेव्हा एकच होता, तो आमच्या घरचा. त्यामुळे सरपंच, सरपंचाला पाडणारे आणि 'पाहू ऐनवेळी' म्हणणारे असे सगळे गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. ट्रॅक्टर चालवत होते माझे यजमान. सकाळी ते बापालाही 'बराबर हाये' म्हणाले होते आणि मलाही.

ठराव आणला होता मामाजींनीच; तेही एक सदस्य होतेच.

शालिग्राम गावंडे म्हणजे हिवरखुटीचे वर्षानुवर्षांचे सरपंच. त्या खेपेला जागा बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून त्यांनी घरातली बाई उभी केली. ती मी, पंचफुला. "सूनबाई, तू फक्त सई करत जाय, बाकीचं मी पाहून घेतो," असं ठरलं होतं. निवडून आले तरी गावानं मला सरपंच म्हणून कधी हाक मारली नाही. मी आपली 'शालिग्रामभाऊची सून'. त्याचंही मला काही वाटलं नसतं, पण मी मॅट्रिक झालेली होते आणि सही करण्याआधी वाचायची खोड मला माहेराहून लागलेली होती. वाचता वाचता एक दिवस मला कोंडवाडा सापडला.

म्हणजे कोंडवाडा गावात होताच. मोकाट जनावर रस्ता अडवून उभं राहिलं की ग्रामपंचायतीनं ते नेऊन कोंडायचं. मग धनी येणार, दंड भरणार, पावतीवर नाव लिहून देणार आणि जनावर घेऊन जाणार. आमच्याकडे कोंडवाड्याला भिंत होती, दार होतं, शिपाई गुणवंता होता, फक्त आत जनावर कधी दिसलं नव्हतं. कारण रस्त्यात उभं राहणारं जनावर गावात एकच होतं, आणि ते मामाजींचं होतं.

त्याचं नाव ठाणेदार. लालभडक, दांडगा वळू. चौकात एकदा ठाण मांडलं की हलायचं नाव नाही. एसटीचा ड्रायव्हर भोंगा वाजवून दमायचा आणि शेवटी खाली उतरून पानठेल्यावर जाऊन बसायचा. एके सकाळी शाळेत निघालेल्या पोरी ठाणेदाराला पाहून घरी परत आल्या, तेव्हा मी गुणवंताला म्हटलं, कोंड त्याले.

"बाई, त्याले मी कोंडीन," गुणवंता म्हणाला, "पन मंग मले भाऊच्या हातून कोन सोडवीन?"

मग मीच ढेपेचं, म्हणजे सरकीच्या पेंडीचं, टोपलं घेऊन पुढं चालायला लागले आणि ठाणेदार माझ्यामागं मुकाट कोंडवाड्यात आला. त्याला रोज खाऊ घालणारी मीच होते ना.

"काऊन कोंडलं माह्या ठाणेदाराले?" मामाजींनी ओसरीवरून विचारलं.

"रस्त्यात उभा होता, मामाजी."

एवढंच बोलणं झालं. पावतीवर धनी म्हणून स्वतःचं नाव लिहायला मामाजी तयार होईनात आणि नाव लिहिल्याशिवाय मी जनावर सोडेना. ग्रामसभेत ते सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "कायदा सर्वायले सारखा हाये न, सूनबाई? मंग थे मालगाडी कोंडून दाखव. थेही रस्त्यातच उभी रायते!" गाव असं हसलं की देवळाच्या आवारातली कबुतरं उडाली. मला फार लागलं ते. त्याच आठवड्यात अविश्वासाचा कागद तालुक्याला गेला.

तरी घरात सगळं सुरळीत होतं, हीच तर गंमत. सकाळी मी मामाजींना चहा द्यायचे आणि तो पिऊन ते मला पाडायला बाहेर पडायचे. दिवसा सरपंच म्हणून मी ठाणेदाराला कोंडून ठेवलं होतं आणि संध्याकाळी सून म्हणून त्याच्यासाठी ढेप नेत होते. मामाजी त्याची चौकशी कधी करायचे नाहीत. पण ढेपेचं पोतं रिकामं झालं की दुसऱ्या दिवशी भरलेलं पोतं दाराशी येऊन पडलेलं असायचं.

तर अशा त्या दिवशी मालगाडी माझ्या मदतीला धावून येऊन उभी राहिली होती. दोन्ही बाजूंना सायकली, बैलगाड्या, दुधाचे कॅन, बकऱ्या. डब्यांच्या फटींतून पलीकडची माणसं तुकड्यातुकड्यानं दिसत होती.

मामाजींनी ट्रॉलीतूनच फाटकवाल्याला आवाज दिला. "काहो पुंडलिक, हे कवा हालन?"

पुंडलिक तायडे फाटकाच्या खोलीतून बाहेर आला. "समोर टेसन भरलं हाये, भाऊ. सिंगल नाई भेटला."

"अन् कायदा काय म्हन्ते तुमचा? फाटकात गाडी उभी करता येते?"

"नाई बा. जास्त वेळ उभी करू नये, असं लिहेल हाये."

"अन् केली त?"

पुंडलिकानं टोपी काढून डोकं खाजवलं. "केली त काय, थे नाई लिहेल."

ट्रॉलीत खसखस पिकली. मी तर गुदगुल्या झाल्यासारखी हसत होते. दहा मिनिटं, वीस मिनिटं, राहा बाई उभी, म्हणून त्या गाडीला मनोमन लाडीगोडी लावत होते.

तेवढ्यात कासाबाई पुढं झाली. कासाबाई म्हणजे गावातली वांगी विकणारी म्हातारी. पलीकडच्या बाजारात जायचं म्हणून निघालेली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग डोक्यावरची टोपली उतरवली, ती डब्याखाली पुढं सरकवली आणि तिच्यामागं स्वतः दोन्ही रुळांच्या मध्ये रांगत घुसली. रोज कितीतरी लोक असंच करायचे. पोरं तर शर्यत लावायची.

आणि गाडीनं झटका दिला.

चालू झाली नव्हती ती, नुसती अंग आखडल्यासारखी पुढून मागपर्यंत खडखडत गेली. मी ट्रॉलीतून कधी उडी मारली ते मला आजही आठवत नाही. कासाबाईच्या लुगड्याचा काष्टा माझ्या हातात आला आणि मी तो दोन्ही हातांनी ओढला. आम्ही दोघी खडीवर उताण्या पडलो. चाक वीतभर पुढं सरकून थांबलं होतं आणि त्याच्याखाली टोपली चपटी झाली होती.

"माही वांगी गेली वो माय!" कासाबाई ओरडली, आणि मला रडू फुटलं.

मी जिची दृष्ट काढत होते ती ही गाडी. माझी खुर्ची वाचावी म्हणून मी तिला राहा म्हणत होते, आणि ती मेली अशी निघाली. कासाबाईच मला पाण्याचा घोट पाजत होती.

मामाजी खाली उतरून इकडंतिकडं पांगलेली वांगी गोळा करत होते. एक वांगं धोतराला पुसत ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या ठाणेदारानं आजवर कोनाले रगडलं का? त्याले बरं कोंडलं. अन् इले?"

मी उठले. डोळे पुसले. पदर कमरेला खोचला.

"गुणवंता," ट्रॉलीमागून सायकलनं आलेल्या शिपायाला मी म्हटलं, "कोंडवाड्यातून दोर आन."

गुणवंताला वाटलं मी कासाबाईला बांधणार आहे. "कोनासाठी, बाई?"

"इच्यासाठी." मी गाडीकडे बोट केलं. "रस्त्यात उभी हाये. धनी जवळ नाई. कोंडा."

मग ट्रॉलीतले सदस्य मोतीराम खंडारे, जे माझ्या विरोधात मत देणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले की ट्रॉलीच्या फळीवरून घसरले. आणि मग जो तो धावायला लागला. गुणवंता सायकलवर बसून गावाकडे सुटला आणि ठाणेदाराचा दोर गळ्यात अडकवून आला. आम्ही सगळे, मी पुढं, सदस्य मागं, बकऱ्या त्यांच्यामागं, इंजिनाकडे निघालो. पलीकडच्या लोकांना काय चाललंय कळेना, म्हणून तेही डब्यांच्या पलीकडून आमच्या बरोबरीनं चालू लागले.

इंजिनाचा ड्रायव्हर खिडकीत डबा उघडून पोळी खात होता. मेश्राम नाव होतं त्याचं, नागपूरकडचा. त्यानं खाली पाहिलं.

"काय झालं, बाई?"

"तुमची गाडी कोंडवाड्यात घेऊन रायलो."

त्यानं घास गिळला. दोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बिचारा सकाळपासून एकटा बसून कंटाळलेला असावा. "तिथं नका बांधू, तिथं ऑइल आहे," तो म्हणाला. "पुढं हुक आहे बघा, त्याला बांधा. मस्त बसेल."

गुणवंतानं इंजिनाच्या हुकाला ठाणेदाराचा दोर बांधला आणि दुसरं टोक रुळाशेजारच्या बाभळीला. नीट, जनावराला बांधतात तशीच गाठ मारून. इंजिन नुसतं शिंकलं असतं तरी तो दोर तुटला असता. पण बांधल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, मलाही वाटलं की आता ही कुठं जात नाही.

"पंचनामा," मी म्हटलं.

गुणवंतानं पावतीपुस्तक काढलं आणि त्याचा हात थबकला. "बाई, जनावराचं वर्णन काय लिहू?"

सदस्य एकमेकांकडे पाहायला लागले. त्यांच्यातल्या कोणी जन्मात पंचनामा लिहिला नव्हता. मामाजी मात्र चुळबुळत होते. एवढी वर्षं सरपंचकी केलेला माणूस, डोळ्यांदेखत पंचनामा चुकतोय हे त्यांना कसं पाहवणार? शेवटी त्यांना राहवेना.

"बाजूले हो, असं नसते लिहत," ते गुणवंताला म्हणाले आणि चष्मा लावला. "लिही. जनावर, एक. रंग, वीटकरी."

"शिंगं?" गुणवंतानं विचारलं.

मामाजींनी इंजिनाला पुढून नीट न्याहाळलं. "नाईत. शेपूट लांब लिही. वशिंड नाई. सवभाव..." ते थांबले. "आडमुठा."

"दात पाहाचे का, भाऊ?" मोतीराम म्हणाले, आणि मग मामाजीही हसले. माझ्या लग्नापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. वरून मेश्राम ड्रायव्हरही खिडकीवर डोकं टेकून हसत होता.

"धन्याचं नाव?" गुणवंतानं विचारलं.

"थो बसला हाये न वर, त्याले विचार," मामाजी म्हणाले.

"माझी नाही हो गाडी," मेश्राम घाईघाईनं म्हणाला. "मी नुसता हाकतो."

"मंग धन्याले बोलवा," मी म्हटलं. "पुंडलिकभाऊ, टेसनात फोन लावा. सांगा, गाडी ग्रामपंचायतीनं कोंडली म्हनून. धनी येऊन घेऊन जाईन त सोडू."

पुंडलिक फोनच्या खोलीकडे वळला तसे मामाजी माझ्या जवळ आले. हसणं मावळलं होतं. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"सूनबाई, तुले समजते का? फोन गेला त गाडी हालन. गाडी हालली त आपन बाराच्या आत शाळेत पोचतो. नाई हालली त ठराव बारगळते, तुही खुर्ची वाचते."

"समजते, मामाजी."

"मंग कायले फोन करतं?"

"रस्त्यात उभी हाये, मामाजी."

मामाजींनी पागोटं काढून पुन्हा घातलं आणि गुणवंतानं बांधलेली गाठ ओढून पक्की आहे का ते बघायला गेले.

पुंडलिकाचा फोन आम्ही सगळे खिडकीशी कान लावून ऐकत होतो.

"सायेब, गाडी कोंडवाड्यात गेली... नाई, रुळावरच हाये. पन कोंडवाड्यात हाये... दोरानं... बैलाच्या, सायेब... पंचनामा झाला... हो, मी शुद्धीत हावो..."

पुढं वर कोणी कोणाला काय सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मालगाडी बाभळीला बांधली म्हटल्यावर काय करायचं, हे त्यांच्याकडेही कुठं लिहिलेलं नसावं. पण जो सिग्नल रोज आमची अर्धी दुपार खायचा, तो बघता बघता पडला.

"सिग्नल मिळाला!" मेश्राम ओरडला. "बाई, सोडा आता."

"दंड नको, शब्द द्या," मी म्हटलं. "उद्यापासून फाटकाच्या मागं जागा असते न? तिथं उभे राहात जा."

त्यानं मान बाहेर काढून मागं पाहिलं. मोकळा रूळ दूरवर पसरलेला होता. "राहीन की," तो म्हणाला. "आजवर कोणी म्हटलंच नाही."

गुणवंतानं गाठ सोडली. मेश्रामनं अशी लांबलचक शिट्टी दिली की बकऱ्या उधळल्या, आणि गाडी निघाली. डबे संपेस्तोवर पलीकडचे लोक हात हलवत होते. फाटक उघडल्याबरोबर माझ्या यजमानांनी ट्रॅक्टर असा काही पळवला की ट्रॉलीत कोण कोणाच्या मांडीवर बसलंय याचा पत्ता राहिला नाही. कासाबाईलाही आम्ही उचलून घेतलं होतं. ती उरलेली वांगी ओटीत धरून मामाजींच्या पायाशी बसली होती. वाटभर मोतीराम मध्येच 'दात पाहाचे का' म्हणायचे आणि सगळे पुन्हा सुरू व्हायचे.

शाळेच्या दारात मात्र मी सगळ्यांत शेवटी उतरले. बाराला अजून थोडा वेळ होता. तहसीलदार पेनाच्या टोपणाला हात लावून बसलेच होते.

"अगदी ऐनवेळी आलात," ते म्हणाले. "सूचक कोण?"

"मी," मामाजी उभे राहिले.

"ठरावाच्या बाजूनं जे असतील त्यांनी हात वर करा."

मला वर पाहवेना. खुर्चीचं सोडा, पण ज्या माणसाला मी रोज चहा देते त्याचा हात माझ्याविरुद्ध उठलेला पाहायचा, हे मला नको होतं. तरी पाहिलं. मामाजींचा उजवा हात ताठ वर होता. दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता. पण डाव्या हातानं त्यांनी शेजारच्या मोतीरामचं मनगट बाकावर घट्ट दाबून धरलं होतं, आणि डोळे असे वटारले होते की बाकी कोणाचा हात मांडीवरून उठेना.

तहसीलदारांनी खोलीवरून दोनदा नजर फिरवली. "एक," ते म्हणाले. "ठराव नामंजूर."

मामाजींनी हात खाली घेतला आणि काही झालंच नाही अशा थाटात पानाची चंची काढली.

परतताना फाटक उघडंच होतं. ट्रॅक्टर गावात शिरला तसा मामाजींनी कोंडवाड्यापाशी थांबवायला सांगितला. भिंतीवरून ठाणेदारानं मान वर केली आणि त्यांना ओळखून असा हंबरला की माझा ऊर भरून आला. मामाजी खाली उतरले. दंडाचे पैसे त्यांनी गुणवंताच्या हातावर ठेवले. मी पावतीपुस्तक घेतलं आणि रीतीप्रमाणं विचारलं. आवाज सरपंचाचाच ठेवला.

"जनावर, एक. रंग, लाल. धन्याचं नाव?"

मामाजींनी दाराची कडी काढत, माझ्याकडे पाठ करून सांगितलं.

"लिही. सरपंचबाईचा सासरा."